फलक आहे, खोली आहे, थेरपिस्ट कुठे आहे? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य,
सादर नमस्कार.

पत्राचं कारण असं. पावसाळ्याआधी आमच्या तालुक्यात एक आरोग्य शिबिर झालं. ज्या बाळांची वाढ मागे आहे त्यांच्यासाठी दर मंगळवारी फिजिओथेरपिस्ट आणि महिन्यातून दोनदा स्पीच थेरपिस्ट इथेच येतील, शहरापर्यंत धावायला नको, असं व्यासपीठावरून जाहीर झालं. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. फिजिओथेरपीची मुलगी आलीसुद्धा. गुणी होती, नातवाला नावाने हाक मारायची. स्पीच थेरपिस्टचं मात्र नखही दिसलं नाही. दिवाळीनंतर त्या मुलीचं कंत्राट संपलं, आणि तेव्हापासून 'नवीन ऑर्डर आली की येतील' एवढंच ऐकते आहे.

गेल्या मंगळवारी खोलीलाच कुलूप. मी हलेना, तेव्हा शिपायाने उघडून दाखवली. आत डेंग्यूच्या पत्रकांचे गठ्ठे, एक मोडकं स्ट्रेचर, आणि कोपऱ्यात तो मोठा निळा बॉल, ज्याच्यावर पोरांना पालथं घालून मान उचलायला शिकवतात. त्यातली हवा गेलेली. दारावर फलक मात्र चकचकीत: शीघ्र हस्तक्षेप सेवा, दर मंगळवारी. तुमचा फोटोही आहे त्यावर, चांगला आला आहे.

माझा नातू सातव्या महिन्यात जन्मला. दीड किलोसुद्धा नव्हता. कित्येक आठवडे काचेच्या पेटीत होता. डॉक्टर-नर्सांनी जीव ओतून त्याला वाचवलं, त्यांच्याबद्दल मी वाकडा शब्द बोलणार नाही. पण वाचवल्यावर पुढे काय? फाइल हातात ठेवली, 'बाळ हाय रिस्क आहे, फॉलोअपला या' म्हणून सांगितलं आणि आम्ही घरी. आज तो दोन वर्षांचा होत आला. आधाराशिवाय जेमतेम बसतो. डाव्या हाताची मूठ अजून अंगठा आत घेऊन मिटलेली. पेज भरवायची तर मांडीवर टेकवून, हनुवटी खालून बोटांनी सावरायची, चमचा जिभेच्या मधोमध हलकेच दाबायचा आणि थांबायचं. घाई केली की ठसका. हे त्या मुलीने शिकवलं. त्याआधी निम्मी पेज त्याच्या अंगावर जायची आणि उरलेली सुनेच्या.

शेजारणी म्हणतात, 'ताचो बापूय लेगीत उसरां चललेलो', म्हणजे ह्याचा बापसुद्धा उशिराच चालायला लागला होता. त्यांचा काय दोष? त्यांना सांगायला कोण आलं होतं? बाकी देशात दारोदार जायला आशाताई असते. तिने तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला घरी यायचं, बाळ काय करतं, काय करत नाही ते बघायचं, असं केंद्राने 2018 मध्ये ठरवून दिलं. आपल्या गोव्याने आशाची योजना घेतलीच नाही. मग ते काम एएनएमच्या, म्हणजे गावच्या सरकारी नर्सच्या, आणि अंगणवाडीताईच्या डोक्यावर, आणि त्यांच्याकडे आधीच दहा रजिस्टरं.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे, साहेब. सरकारची सगळी हमाली आम्ही केली आहे. जनगणना केली, मतदार याद्या केल्या, पोलिओच्या रविवारी बूथवर बसलो. बुडाला टेकू नसलेल्या स्टुलावर बसून पोरांच्या करंगळीला शाई लावली आणि जे घर राहिलं तिथे दुसऱ्या दिवशी माणसं गेली. रबराच्या मळ्यात झोपडी बांधून राहिलेल्या मजुराचं मूलसुद्धा सुटलं नाही. 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला तो असा. म्हणजे सरकारला दारात येता येत नाही असं नाही. मनात आलं की येतं. निवडणुकीला तर दोनदा येतं.

कायदा तरी काय म्हणतो? दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा, कलम 25. सर्व मुलांची वर्षातून निदान एकदा तपासणी करून जोखमीची मुलं ओळखायची, असं त्यात आहे. सर्व मुलांची, शिबिराला आलेल्यांची नव्हे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायची असतात. पण जे मूल बसतच नाही त्याला अंगणवाडीत कोण नेतं? ते घरी चटईवर असतं. पथक येतं, अंगणवाडीतली धावणारी पोरं तपासतं, सही करून जातं. आणि 2016 च्या त्याच कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क सुरू होतो सहाव्या वर्षी. मेंदूची खरी जडणघडण पहिल्या दोन-तीन वर्षांत होते, हे तुमचंच खातं पोस्टरवर छापतं. मग ही वर्षं जायची कुणाच्या खात्यावर?

गोव्याला हे नवीन आहे असंही नाही. मुलांच्या मेंदूच्या वाढीतल्या अडचणींवर देशातल्या पाच ठिकाणी एक मोठा अभ्यास झाला, 3,964 मुलांचा. 2018 मध्ये छापून आला. त्या पाचांत उत्तर गोवा होता! सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत जागेनुसार शंभरात साडेसहा ते साडेअठरा मुलांना काही ना काही अडचण सापडली. चाळीस मुलांचा वर्ग धरा, तीन ते सात पोरं. मी उगाच का आयुष्यभर मागच्या बाकावर तेच चेहरे बघत आले?

आणखी एक ऐका. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आईबापांना घरीच कसं खेळायचं, कसं बोलायचं ते शिकवता येतं, आणि ते शिकवायला मोठ्या पदवीचा तज्ज्ञच लागतो असं नाही, प्रशिक्षण दिलेली साधी कार्यकर्ती पुरते, ह्याची चाचणी गोव्यात आणि रावळपिंडीत झाली. 2016 मध्ये लॅन्सेट ह्या नावाजलेल्या वैद्यकीय प्रकाशनाच्या मानसोपचाराच्या मासिकात आली. जगभरचे लोक ती वाचतात. आमच्या तालुक्यात तिचा पत्ता नाही. उपाय इथे सिद्ध करायचा आणि पोरांनी कुठे जायचं? खासगीत. तिथे एका वेळचे सात-आठशे रुपये, आठवड्यातून दोनदा, वर गाडीभाडं. माझा मुलगा औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, तोही कंत्राटावर. सुनेने नोकरी सोडली. माझं पेन्शन आहे म्हणून निभतं. ज्या घरात पेन्शनवाली आजी नाही तिथे त्या मुलाचं काय होतं, हा प्रश्न तुमच्या कुठल्या रजिस्टरात आहे?

दिव्यांगांचा पर्पल फेस्ट हा महोत्सव गोव्यात होतो, चांगलं आहे. 2023 पासून होतो, देशभरातून माणसं येतात, दिव्यांगांना मंच मिळतो. मी त्याच्या विरुद्ध नाही. पण तीन-चार दिवस रोषणाई करायला पैसे असतात आणि एका थेरपिस्टच्या ऑर्डरवर सही करायला महिने लागतात, हे मला कळत नाही. कळतं, म्हणजे कळतंच. रोषणाईचा फोटो येतो. बाळाने मूठ उघडली तर त्याचा फोटो कोण छापणार?

आणि हे एका खात्याचं दुखणं नाही. मास्तर कंत्राटावर, नर्स कंत्राटावर, थेरपिस्ट कंत्राटावर, कायम फक्त उद्घाटनं. डोंगर कापून व्हिला उभे राहतात त्यांची फाइल कशी पटापट सरकते! मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं वर्षानुवर्षं 'लवकरच हलवणार' म्हणत तिथेच आहेत, त्यांची मुदत मात्र न चुकता वाढते. मुदतवाढ द्यायची सवय सरकारला आहे, फक्त ती कुणाला द्यायची ह्याचा क्रम ठरलेला आहे. अख्खं राज्य 3,702 चौरस किलोमीटरचं. सकाळी निघालं तर दुपारच्या आत कुठल्याही वाड्यावर पोचता येतं. एवढ्याशा राज्यात सहा महिन्यांचं कुठलं बाळ मान धरत नाही, हे कुणाला माहीत नसावं?

मागणं काय आहे ते लिहिते, नाहीतर म्हणाल म्हातारी नुसती भांडते. थेरपिस्टची पदं कायम भरा आणि एकाचं कंत्राट संपण्याआधी दुसऱ्याला नेमा. काचेच्या पेटीतून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळाचं नाव त्या गावच्या एएनएमला त्याच दिवशी कळवा आणि तिच्या हाताखाली एक माणूस द्या. गाडीभाडं द्या, कारण कदंबच्या सरकारी बसच्या गर्दीत मान न धरणाऱ्या पोराला घेऊन उभं राहणं काय असतं ते एकदा करून बघायला हवं. आणि आमची ती खोली रिकामी करा. बॉल मी स्वतः आणून देते.

ह्याला उत्तर आलंच तर 'आपला अर्ज संबंधित खात्याकडे पाठवला आहे' असं नको. संबंधित खातं तुमचंच आहे. फिजिओथेरपिस्ट कुठल्या मंगळवारी येणार, तेवढी तारीख लेखी कळवा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका