वडगावच्या मागवाल्या काकांचे जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

इफ-एल्स, म्हणजे 'अट खरी तर हे, नाहीतर ते' अशी आज्ञा, नसलेल्या यंत्राला कुठलंही गणित जमेल का, हा माझ्या सेमिनारचा विषय. त्यासाठी तुम्ही चालता माग थांबवलात आणि जकार्डवरची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या जोडयंत्रावरची, भोकं पाडलेल्या कार्डांची माळ हातानं फिरवून दाखवलीत. माग थांबला की मजुरी बुडते, हे वडगावात कुणाला सांगायला नको. म्हणून हे आभार चारचौघांत.

भोक असेल तिथला दोरा वर, नसेल तिथला खाली. शेवटचं कार्ड पहिल्याला शिवलेलं. "ह्याला इचारायचं ठावंच न्हाई. पुढचं कार्ड आलं की उचलायचं," म्हणालात. कोनराड झुसे या जर्मन इंजिनिअरचं झेड-३ हे गणनयंत्र बरंचसं असंच होतं. १९४१ साली बर्लिनमध्ये चाललेल्या त्या यंत्राचा प्रोग्राम भोकं पाडलेल्या पट्टीवर असे आणि अट बघून उडी मारायची आज्ञाच त्यात नव्हती. तरी संगणकशास्त्रज्ञ राउल रोहास यांनी १९९८ साली दाखवलं, की पट्टीची टोकं जोडून ती गोल केली तर तत्त्वतः त्या यंत्रावर कुठलाही प्रोग्राम चालवता येतो. युक्ती गुणाकाराची: दोन्ही वाटांची उत्तरं, अ आणि ब, काढायची, अट खरी असेल तर क = १, नाहीतर ०, आणि मग क×अ + (१−क)×ब. नको ते उत्तर शून्यानं गुणलं जाऊन गळतं. वेळ भरमसाट जातो, ती गोष्ट वेगळी!

पण विणलेलं कापड बघून कार्डं वागणं बदलत नाहीत. झेड-३ च्या मेमरीतला आकडा मात्र पुढच्या फेरीचं उत्तर बदलतो. माझ्या मते सगळी मेख इथं आहे. उडी नसली तरी चालतं, आधीच्या उत्तराचा पुढच्या कामावर परिणाम झालाच पाहिजे. अलोन्झो चर्च या गणितज्ञाच्या लॅम्डा कॅल्क्युलसमध्येही, म्हणजे सगळं गणित फंक्शनांनीच मांडायच्या पद्धतीत, 'इफ' वेगळा नाही. तिथं 'खरं' म्हणजे दोनांतलं पहिलं उचलणारं फंक्शन. निवड आहेच, फक्त वेश बदलून.

थांबण्याचं काय, हे तुम्हीच विचारलंत. किती फेऱ्या मारायच्या हे प्रत्येक लूपला (परत परत चालणाऱ्या आज्ञांना) आधीच ठरवून दिलं, तर प्रोग्राम नक्की थांबतो, पण अॅकरमनचं फंक्शन, म्हणजे अफाट वेगानं वाढत जाणारं एक गणित, त्याच्या आवाक्याबाहेर राहतं. फेऱ्या मोकळ्या सोडल्या तर कधी थांबायचं हे कशावरून तरी ठरवावंच लागतं. तेवढी अट कुणालाच चुकत नाही.

तुमची नात कानडी शाळेत सातवीला आहे ना? तिला तो एक-शून्याचा गुणाकार नक्की जमेल. माग बंद असेल त्या दिवशी वही घेऊन येतो.

तुमच्याच गल्लीतला,
इंजिनिअरिंगचा पोरगा