बाई, बोअरच्या पाण्यासाठी थँक्यू!

बाई, फोनवर नुसतं थँक्यू म्हणून मन भरेना, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. रिटायर झाल्यावरही तुम्ही आमच्या बोअरच्या पाण्याचा जडपणा (हार्डनेस, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) मोजायला ब्युरेट, म्हणजे ती मापाच्या खुणांची तोटीवाली काचेची नळी, घेऊन आमच्या ओट्यापाशी उभ्या राहिलात, कोण करतं हो एवढं?

सॉफ्टनर, म्हणजे जडपणा काढायचं यंत्र, विकायला आलेला माणूस टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर बुडवून आकडा दाखवत होता आणि शेजारच्या काकू तुरटी फिरव म्हणत होत्या. तुम्ही म्हणालात, तुरटीने गाळ बसतो गं, जडपणा नाही जात, आणि टीडीएस म्हणजे काही हार्डनेस नव्हे, आधी मोजू. ५० मिली पाणी, त्यात पाण्याचा अल्कलीपणा कायम ठेवणारा तो नाकात जाणारा अमोनियाचा बफर, चिमूटभर इंडिकेटर (रंग बदलून दाखवणारी पावडर), की पाणी वाइनसारखं लाल. मग थेंब थेंब ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणारं द्रावण, जांभळट झालं तरी तुम्ही थांब म्हणालात आणि पुढच्या एका थेंबाला लख्ख निळं! ईडीटीए २७ मिली लागलं, एका मिलीला एक मिलीग्रॅम धरून जडपणा लिटरला ५४० मिलीग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालतं, तेही तेव्हाच कळलं. तेच पाणी उकळून गाळून परत मोजलं तर ३१०, म्हणजे उकळून जाणारा जडपणा निम्म्याहून कमीच, बाकीचा सल्फेट क्लोराइडचा, तो कितीही उकळा, ढिम्म हलत नाही.

मग जडपणा काढायला धुण्याच्या सोड्याचा हिशोब, २० लिटरच्या बादलीला कोरडी पावडर ११-१२ ग्रॅम, ढवळून रात्रभर ठेवायचं आणि वरचं निवळलेलं पाणी घ्यायचं. मॅग्नेशियम नुसत्या सोड्याला दाद देत नाही, त्याला चुन्याची निवळी लागते, पण चुना जास्त झाला तर उलट कॅल्शियम वाढतं, म्हणून मापातच. आता साबणाला फेस येतो, चादरींचा राखाडीपणा गेला. रेशमी साड्या मात्र त्या पाण्यात घालत नाही, तुम्ही दम दिला होतात ना!

सोसायटीने शेवटी गिझर आणि वॉशिंग मशीनच्या लाइनला रेझिनचा (प्लास्टिकसारख्या बारीक मण्यांचा) सॉफ्टनर घेतलाच, पण मीटिंगमध्ये तुम्ही समजावलंत की रेझिन कॅल्शियम घेऊन सोडियम सोडतं, मिठाच्या पाण्याने ते परत चार्ज होतं, टीडीएस काही फारसा उतरत नाही, आणि बीपीवाल्यांच्या घरी प्यायला ती लाइन नको. म्हणून किचनचा नळ वेगळा ठेवलाय.

तुमचं ब्युरेट धुवून ठेवलंय, शनिवारी घेऊन येते. बी विंगवाल्यांनाही त्यांचं पाणी मोजून हवंय, मी हो म्हणून बसलेय, तेवढं सांभाळून घ्या.