कार्ड पंच करणाऱ्या माणसाबद्दल

ठाणे, रविवार

प्रिय बाळ्या,

पत्र मिळालं. हजेरीच्या मशीनवर थंब लागला नाही म्हणून तुझा हाफ डे कापला, वाचून हसूही आलं आणि रागही. त्यावरून एक माणूस आठवला. शिव्या न देता वाच.

तेहचिंग शिये, तैवानचा कलाकार, जन्म १९५०चा. १९७४ साली खलाशी म्हणून जहाजावर चढला नि फिलाडेल्फियाजवळ पळाला. पुढं १४ वर्षं अमेरिकेत कागदपत्रांशिवाय. हॉटेलात भांडी घासायची, फरशा पुसायच्या. १९७८-७९ला त्यानं न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत लाकडी पिंजरा केला आणि कला म्हणून वर्षभर आत बसला. बोलणं, वाचणं, टीव्ही, सगळं बंद.

मला खिळवलं ते पुढच्या कामानं. ११ एप्रिल १९८०पासून वर्षभर, दर तासाला, रात्रीसुद्धा, हजेरीचं कार्ड पंच करायचं. कारखान्यातलं असतं तसलंच मशीन, अंगात कामगाराचा करडा युनिफॉर्म, आणि दर पंचला फिल्मची एक फ्रेम. आधी डोकं भादरलेलं. त्या फिल्ममध्ये सहाएक मिनिटांत वर्ष सरतं, काटे गरगरतात आणि केस वाढत जातात. ८,७६० पैकी १३३ पंच हुकले. तेही त्यानं मांडून ठेवलेत: ९४ झोपेमुळे, २९ उशिरा, १० वेळेआधी. आपल्या टाइम ऑफिसात असा चोख हिशेब कधी पाहिलास?

त्यानंतरचं वर्ष छपराखाली न जाता काढलं. (पोलिसांनी एकदा आत ओढलं, तेवढे १५ तास सोडून.) मग लिंडा मोंटानो या कलावतीबरोबर ८ फुटी दोरीनं कमरेला बांधून एक वर्ष, एकमेकांना हात न लावता. शेवटी १९८६ ते १९९९ कला करायची, पण दाखवायची नाही. मुदत संपल्यावर जाहीर काय केलं? मी जिवंत राहिलो. हे मला जरा ताणल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू.

हे सगळं नलूला सांगितलं, तर तिचा एकच प्रश्न: "पिंजऱ्यात त्याला डबा कोण देत होतं?" मी गप्प. मग शोधलं. चेंग वेइक्वांग नावाचा मित्र. जेवण, कपडे, घाण उचलणं, सगळं त्याच्याकडे. शियेनं पहिल्याच दिवशी सही करून दिलेल्या कागदावर त्याचं नाव आहे.

आपल्या कार्डांवर तुझं नाव कुठंच नव्हतं. सहा पाचची लोकल चुकली की माझं कार्ड तूच मारायचास. माळ्यावर माझं एखादं पिवळं कार्ड सापडलं तर टाकू नकोस, मला हवंय. त्यावरचे निम्मे ठसे तुझेच असतील.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिल्या