सराव प्रश्नपत्रिकांतले वाकडे शंकू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गड्ड्याची यात्रा आटोपली की सोलापुरात दहावीच्या सराव प्रश्नपत्रिकांचा हंगाम सुरू होतो. झेरॉक्सच्या दुकानांतून गठ्ठेच्या गठ्ठे बाहेर पडतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या निघतात. आपलीही त्यात आली. गणित भाग २ मधले महत्त्वमापनाचे प्रकरण आले की शंकू, वृत्तचिती, अर्धगोल, शंकूछेद यांच्या आकृत्या लागतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा चुकलेल्या असतात. दिलेली मापे बरोबर असतात, उत्तरही बरोबर येते, पण आकृतीतली वस्तू प्रत्यक्षात तशी दिसूच शकत नाही. ज्या मुलाला ‘तिरकस उंची’ आणि ‘उंची’ यांतला फरक चित्रावरूनच कळायचा असतो, त्याचा इथे घोटाळा होतो.

कारण सगळ्यांना माहीत आहे. नेटवरून चित्र उचलायचे, वर्डमध्ये चिकटवायचे, जागेत बसेना म्हणून कोपरा धरून ओढायचे. गोलाचा बटाटा होतो आणि अक्षरे पुसट होतात. यावर फुकटातला चांगला उपाय आहे: लेटेकमधले टिक्झ हे पॅकेज. डोनाल्ड नूथ यांनी १९७७ साली हाती घेतलेली टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली, तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी उभे केलेले लेटेक, आणि त्यात आकृत्यांसाठी टिल टांटाऊ यांनी लिहिलेले टिक्झ. नावातच कबुली आहे. जर्मन नावाचा अर्थ होतो ‘टिक्झ म्हणजे चित्र काढायचे सॉफ्टवेअर नव्हे’. इथे माउसने रेघा ओढायच्या नसतात, बिंदूंचे निर्देशक लिहायचे असतात. म्हणून ज्याला निर्देशक भूमिती येते त्याला हे चित्रकाराहून लवकर जमते. मात्र गणित चुकले तर चुकीची आकृती अगदी सुबक छापून मिळते, हेही खरे.

शंकूपासूनच सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त चूक तिथे होते. पायाचे वर्तुळ कागदावर लंबवर्तुळ होते. त्याच्या डाव्या-उजव्या टोकांपासून शिरोबिंदूपर्यंत दोन रेषा ओढल्या की झाला शंकू, अशी समजूत आहे. तसे होत नाही. शंकूची कडेची रेषा ही लंबवर्तुळाची स्पर्शिका असते, आणि स्पर्शबिंदू टोकावर नसतो, थोडा वर, मागच्या बाजूला सरकलेला असतो. पायाची त्रिज्या २ आणि उंची ३ सेंटीमीटर धरा. नजर थोडी वरून आहे, म्हणून लंबवर्तुळ ०.४ या गुणोत्तराने चपटे घेतले: अर्धा लांब अक्ष २, अर्धा आखूड अक्ष ०.८. पण वरून पाहिले की उभी उंचीही आखडते, हे बहुतेक जण विसरतात. ०.४ हा नजरेच्या कोनाचा साइन असेल, तर उंचीला त्याच कोनाच्या कोसाइनने, म्हणजे ०.९१७ ने गुणावे लागते. ३ ची झाली २.७५. आता स्पर्शबिंदूच्या कोनाचा साइन म्हणजे आखूड अर्धा अक्ष भागिले कागदावरची उंची, ०.८ भागिले २.७५. कोन आला १६.९ अंश. पायाच्या केंद्रापासून स्पर्शबिंदू आडवा १.९१ आणि वर ०.२३ सेंटीमीटर.

टोकापासून रेषा ओढली तर लंबवर्तुळाचा फुगवटा त्या रेषेच्या बाहेर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त येतो. ऐकायला थोडे वाटते, पण टिक्झची नेहमीची रेघ सुमारे ०.१४ मिलिमीटर जाडीची असते. म्हणजे चार रेघा मावतील एवढे पोट शंकूच्या दोन्ही अंगांना बाहेर दिसते. शंकू जितका बुटका, तितके हे पोट मोठे.

मग पायाचा मागचा कंस १६.९ पासून १६३.१ अंशांपर्यंत तुटक, आणि पुढचा १६३.१ पासून ३७६.९ पर्यंत अखंड. ३७६.९ पाहून दचकू नये, ३६० ओलांडून पुढे मोजले तरी टिक्झला चालते. ०.४ चे गुणोत्तर आणि उंची वर लिहून त्यावरून कोन काढायचे सूत्र फाइलमध्येच द्यावे; उद्या उंची बदलली तर स्पर्शबिंदू आपोआप सरकतो. साइन, कोसाइन इथे अंशांतच चालतात, रेडियनचा त्रास नाही. सूत्रात कंस आले की तो निर्देशक महिरपी कंसात गुंडाळायचा, नाहीतर आतला पहिला बंद कंस म्हणजे बिंदूचा शेवट असे टिक्झ समजते. आणखी एक हमखास फसगत ‘आर्क’ या कंस काढायच्या आज्ञेची: त्याच्या आधी दिलेला बिंदू हा कंसाचा आरंभबिंदू असतो, केंद्र नव्हे. केंद्र समजून दिला की मागचा तुटक कंस सुमारे १.९ सेंटीमीटर डावीकडे सरकतो आणि पुढचा अखंड कंस तेवढाच उजवीकडे. ‘शंकू तुटला’ अशी तक्रार आली की आधी हेच पाहावे.

वृत्तचिती सोपी. कडेच्या रेषा खरोखरच टोकांपासून निघतात. वरचे लंबवर्तुळ पूर्ण अखंड, खालचे मागून तुटक, पुढून अखंड, दोन्ही एकाच मापाची.

गोलाची बाह्यरेषा कुठूनही पाहा, वर्तुळच राहते. मधले विषुववृत्त लंबवर्तुळ होते आणि दोन्ही टोकांना बाह्यवर्तुळाला स्पर्श करते. चूक होते ती ध्रुवाच्या बिंदूची: तो वर्तुळाच्या माथ्यावर ठेवतात. विषुववृत्त चपटे दिसते आहे याचा अर्थ आपण वरून पाहतो आहोत, मग ध्रुव आपल्याकडे झुकलेला असणार. त्रिज्या २ आणि गुणोत्तर ०.३ असेल तर ध्रुव केंद्राच्या वर १.९१ वर येतो, २ वर नाही. टिक्झमधल्या बॉल शेडिंगची, म्हणजे गोलाला उठाव देणाऱ्या छटेची, चकचकीत सावली पडद्यावर छान दिसते, झेरॉक्सवर तिचा काळा गोळा होतो. आमचे मत, परीक्षेच्या कागदावर ती नकोच.

शंकूछेदासाठी पुस्तकांत बादली असते. सोलापूरच्या मुलाला त्याहून ओळखीची वस्तू यंत्रमागाच्या कारखान्यात आहे: सूत गुंडाळायचा कागदी कोन. नावाला कोन, आकाराने शंकूछेद. १७० मिलिमीटर उंच आणि ५ अंश ५७ मिनिटे उताराचा कोन घेतला, तर तळाच्या आणि माथ्याच्या त्रिज्यांत सुमारे १८ मिलिमीटरचा फरक पडतो. याचे स्पर्शबिंदू काढायला छान सूत्र आहे: दोन्ही लंबवर्तुळांच्या आखूड अर्ध्या अक्षांची वजाबाकी भागिले कागदावरची उंची, हा कोनाचा साइन, आणि तोच कोन खाली-वर दोन्हीकडे लागतो. सुताच्या कोनासाठी तो तीन अंशांच्याही आत येतो, म्हणजे टोकापासून रेघ ओढली तरी कुणाला कळणार नाही. पण परातीसारखा पसरट शंकूछेद घ्या. मोठी त्रिज्या ३, लहान १.५, कागदावरची उंची २, गुणोत्तर ०.४. कोन आला साडेसतरा अंश. इथे आळस केला तर लगेच दिसतो. परात सुलटी, म्हणजे रुंद तोंड वर असेल, तर हा कोन उणे घ्यायचा. स्पर्शबिंदू पुढच्या बाजूला येतात.

घन आणि इष्टिकाचितीत गोंधळ तुटक रेषांचा. घनाच्या १२ कडांपैकी सर्वसाधारण दिशेने पाहिल्यास ९ दिसतात, ३ लपतात, आणि लपलेल्या तिन्ही एकाच शिरोबिंदूत मिळतात. दोनच तुटक असतील किंवा त्या एका ठिकाणी मिळत नसतील, तर आकृती चुकली म्हणून समजा. षट्कोनी चिती वरून पाहिली तर १८ पैकी ५ लपतात: तळाच्या ३, उभ्या २. नियम एकच, ज्या कडेची दोन्ही पृष्ठे पाठमोरी, ती कड तुटक. हे आपल्याला ठरवावे लागते, कारण टिक्झला मागचे-पुढचे कळत नाही. जे नंतर लिहिले ते आधीच्यावर रंगते, बस्स. म्हणून तुटक कडा आधी, रंग भरलेली पृष्ठे त्यानंतर, दिसणाऱ्या कडा शेवटी, आणि पृष्ठांचा रंग अर्धपारदर्शक. पृष्ठ अपारदर्शक रंगवले की तुटक रेषा गडप होतात, आणि मग लोक त्या पुढून पुन्हा काढतात.

टिक्झच्या मूळ मांडणीत एक्स आडवा, वाय उभा, आणि झेड आपल्याकडे, खाली डावीकडे येणारा. झेडचे एक एकक कागदावर डावीकडे ३.८५ आणि खाली ३.८५ मिलिमीटर, म्हणजे लांबी साधारण ५.४ मिलिमीटर. इष्टिकाचितीला हे पुरते. पण ‘घनातून जास्तीत जास्त मोठा शंकू कापला’ हा नेहमीचा प्रश्न आला की याच मांडणीत सापळा आहे. घनाचा तळ इथे समांतरभुज चौकोन दिसतो. त्यात बसणारे वर्तुळ हे कललेले लंबवर्तुळ होते. लोक त्यात आडवे लंबवर्तुळ ठेवतात आणि ते चार बाजूंच्या मध्यबिंदूंना स्पर्शच करत नाही. टिक्झची थ्रीडी लायब्ररी घेऊन ‘कॅनव्हस इज एक्सझेड प्लेन’ ही सूचना द्यावी, वायची किंमत सांगावी आणि मग साधे सर्कल काढावे. चारही स्पर्शबिंदू जागच्या जागी येतात. मात्र वर सांगितलेले शंकूचे सूत्र आडव्या लंबवर्तुळासाठी आहे, इथे लावू नये.

दिशा बदलून पाहायची असेल तर टिक्झ-थ्रीडीप्लॉट हे पॅकेज नजरेचे दोन कोन मागते. ७० आणि ११० अंश ही जोडी बहुतेक आकृत्यांना चांगली. तिथे आडव्या वर्तुळाचे गुणोत्तर ०.३४ पडते. ५४.७ आणि ४५ मात्र घनाला देऊ नये. पुढचा आणि मागचा शिरोबिंदू एकावर एक येतात, घनाचा नियमित षट्कोन होतो आणि तुटक रेषा अखंड रेषांखाली दडतात.

चुकांचे संदेश इंग्रजीत येतात म्हणून घाबरू नये. ‘गिव्हिंग अप ऑन धिस पाथ’ आले की कुठेतरी अर्धविराम राहिला. ‘डायमेन्शन टू लार्ज’ आले की गणितातली खरीखुरी मापे तशीच टाकली आहेत. पाण्याच्या टाकीचा व्यास ७०० सेंटीमीटर असेल, पण टेकची मर्यादा १६३८४ पॉइंटांची, म्हणजे साधारण ५७५ सेंटीमीटर. टाकी ७ सेंटीमीटरची काढावी, आकडा ७०० चा लिहावा.

आकृती लहान-मोठी करायला ‘स्केल’ आहे. त्याने बिंदू सरकतात, अक्षरांचा आकार आणि रेघांची जाडी तशीच राहते. वर्डमध्ये कोपरा ओढण्यापेक्षा हे किती बरे! रेघ मुळात ०.४ पॉइंटची असते, ती वर्तमानपत्री कागदावर किंवा दुसऱ्यांदा झेरॉक्स काढल्यावर तुटते. ‘थिक’ म्हणजे ०.८ पॉइंट घ्यावे. बहुभुजाकृती ‘सायकल’ लिहून बंद करावी. शेवटचा बिंदू हाताने पुन्हा लिहिला तर त्या कोपऱ्यात बारीक खाच राहते, जाड रेघेत ती उठून दिसते.

आता भाषेचे. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत, आणि शंकू चारही ठिकाणी तोच. म्हणून ‘त्रिज्या’, ‘उंची’, ‘तिरकस उंची’ हे शब्द आकृतीत थेट न लिहिता फाइलच्या वर एकेका आज्ञेत ठेवावेत. भाषा बदलताना तीन ओळी आणि फॉन्ट बदलतो, आकृतीला हात लागत नाही. उर्दूला उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय वेगळी जोडावी लागते. देवनागरीसाठी साध्या लेटेकऐवजी झीलेटेक किंवा लुआलेटेक या युनिकोड फॉन्ट घेणाऱ्या आवृत्त्या चालवाव्यात. ओव्हरलीफ या लेटेकच्या संकेतस्थळावर काम करत असाल तर त्यासाठी कंपायलर बदलावा लागतो. फॉन्ट जोडताना ‘स्क्रिप्ट’ देवनागरी आहे असे सांगायला विसरलात, तर ‘त्रिज्या’तली वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. दोष फॉन्टचा नसतो, त्या एका शब्दाचा असतो.

शेवटी आपल्या छपाई विभागासाठी विनंती. लेटेकच्या ‘स्टँडअलोन’ या दस्तऐवज-वर्गात (डॉक्युमेंट क्लासमध्ये) केलेल्या आकृतीची पीडीएफ नेमकी आकृतीएवढीच कापलेली मिळते. ती पानात ठेवावी. कोरलड्रॉमध्ये उघडून सुधारू नये, कारण तिथे देवनागरी अक्षरे सुटी होतात. स्क्रीनशॉट तर काढूच नये. स्तंभाची रुंदी आधी कळवली, तर त्याच मापाची आकृती करून देता येते. शंकू, वृत्तचिती, गोल, अर्धगोल, शंकूछेद, घन आणि इष्टिकाचिती अशा सात फाइली आम्ही पुरवणीसाठी विनामूल्य द्यायला तयार आहोत. त्रिज्या, उंची, बाजू अशी लागतील ती मापे प्रत्येक फाइलच्या सुरुवातीलाच आहेत.

आपले,
गणिताचे शिक्षक व अक्षरजुळणी करणारे काही जण,
सोलापूर