पाळकीणबाईंनाही नाव असतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाचं पत्र वाचलं. मुंबईच्या उपनगरांत भाड्याच्या खोल्यांतून नव्या मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचे मेळे, सुरू करणारे पाळक (पास्टर) रविवारी दोन तास बोलतात आणि बाकी आठवडा मोकळेच असतात, असा त्यांचा सूर होता. पत्रलेखकावर माझा राग नाही. त्यांनी रविवार पाहिला, मी उरलेले सहा दिवस पाहिलेत, म्हणून लिहायला बसले.

आम्ही वेंगुर्ल्याचे. माझ्या आजेसासूबाई इथल्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या दवाखान्यात डॉ. गोहीन यांच्या हाताखाली कामाला होत्या. तेव्हापासून आमच्या घरात रविवारची उपासना चुकलेली नाही. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. मोठा मुलगा डिप्लोमा करून अंधेरीला कंपनीत लागला, लग्न झालं, मुलगी झाली, आणि एक दिवस त्याचा फोन आला, "आई, नोकरी सोडतोय. बायबल कॉलेजला जायचंय." त्यानंतर मी आठ दिवस धड जेवले नव्हते. बाजारात कुणी "तुझो झील मुंबैक काय करता गे?" असं विचारलं की पुढची दोन वर्षं मी "कंपनीत आसा" असंच सांगत होते. खोटं बोलल्याची टोचणी अजून आहे.

आज तो नालासोपारा पूर्वेला नऊ वर्षं मंडळी सांभाळतोय. सुरुवात झाली ती एका चाकरमान्याच्या खोलीत. त्याची बायको आजारी होती, प्रार्थनेला पाच माणसं जमली. पुढच्या आठवड्यात सात. मग मुलाच्या राहत्या, भाड्याच्या वन रूम किचनमध्ये उपासना भरू लागली आणि पुढेही त्याच्याच घरात राहिली. बिल्डिंग तिसऱ्या मजल्यापर्यंत, लिफ्ट नाही. अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालक म्हणतो, गाण्याचा आवाज होतो, दुसरी जागा बघा. नऊ वर्षांत पाच खोल्या झाल्या. दर वेळी डिपॉझिट, दलाली, टेम्पो, आणि नातवंडांच्या शाळेचा रस्ता नवा.

आठवडा मोकळा असतो म्हणणाऱ्यांसाठी सांगते. मागच्या पावसाळ्यात मी तिथे दीड महिना होते. सोमवारी बीडकडच्या एका बिगाऱ्याच्या मुलाला घेऊन तो सरकारी इस्पितळात रांगेत उभा होता. मंगळवारी एका विधवेच्या रेशनकार्डासाठी तहसीलला. बुधवारी रात्री अकरा वाजता दारू पिऊन मारहाण करणाऱ्या एका नवऱ्याला समजवायला गेला तो पहाटे तीनला परत आला. मंडळीतल्या मुलीचं लग्न ठरलं, तर ते लावायला १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली परवाना लागतो. तो याच्याकडे नाही, म्हणून परवाना असलेल्या दुसऱ्या पाळकांच्या तारखा मिळवायला चार खेपा. त्याच महिन्यात मंडळीतले एक म्हातारे वारले. जुन्या मंडळ्यांना आपली कबरस्तानं असतात, भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या मंडळीला कुठली असणार? रात्रभर तो एका फाटकावरून दुसऱ्या फाटकावर गेला. एका ठिकाणी "तुमचं नाव आमच्या रजिस्टरात नाही" म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी जागा मिळाली, तोवर घरच्यांनी प्रेत बर्फावर ठेवलं होतं. मातीवर प्रार्थना करताना त्याचा आवाज फुटत नव्हता.

पण मुलाचं कौतुक सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. माझं मन अडकलंय ते माझ्या सुनेपाशी.

मी सावंतवाडीहून तुतारी एक्स्प्रेसने जाते. सकाळी दादरला उतरून विरार लोकल धरली की उलट्या दिशेला बसायला जागा मिळते. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दारांत माणसं लोंबकळत असतात. त्यातल्याच एका गाडीच्या लेडीज डब्यात माझी सून असते, मालाडच्या एका खाजगी इस्पितळात लॅब टेक्निशियन म्हणून जाणारी. आमच्या गाड्या कुठेतरी एकमेकींना ओलांडून जातात आणि आमची भेट होते ती रात्री आठला. घरखर्च चालतो तो तिच्या पगारावर. मंडळीचं अर्पण आणि दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, येतो त्यात जागेचं भाडं कसंबसं निघतं, कारण येणारी माणसं स्वतःच रोजंदारीवरची आहेत. शहरातल्या एका मोठ्या मंडळीनं दोन वर्षं भाडं द्यायचं कबूल केलं होतं, ते सातव्या महिन्यात थांबलं. का थांबलं हे कुणी सांगितलं नाही.

रविवारी ती पाचला उठते. पलंग उभा करून भिंतीला लावायचा, सिलिंडर आणि मिक्सर मोरीत, कपाटाला कुलूप, चटया, वीस फोल्डिंग खुर्च्या. साडेआठपासून जिन्यात चपलांची रांग लागते. चाळीस माणसं त्या खोलीत मावतात हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटणार नाही. तिची एक वही आहे, दुधाची आणि टँकरच्या पाण्याची. रविवारी चार लिटर दूध जास्त. उपासनेनंतर बाया रडायला थांबतात, त्यांच्याजवळ ती बसते. शेवटचं माणूस अडीच-तीनला जातं, मग लादी पुसायची आणि सोमवारचा डबा काय याचा विचार. अलीकडेपर्यंत गुरुवारी संध्याकाळी घरात पुन्हा प्रार्थना असायची. नात यंदा दहावीला आहे. तेव्हा गुरुवारी ती जिन्याच्या चौकात, शेजाऱ्यांच्या दारातल्या दिव्याखाली अभ्यासाला बसायची. नातू सात वर्षांचा, पण घरात कुणी रडत असलं की खेळणं तसंच हातात धरून गप्प उभं राहायचं हे त्याला कुणी न शिकवता आलंय. सात वर्षांच्या पोराला हे यावं, याचं मला फार वाईट वाटतं.

मागच्या वर्षी सुनेला टायफॉइड झाला. मंडळीतल्या बायकांनी भात, पेज, नारळपाणी आणून दिलं, जीव लावला, त्यात काही कमी नव्हतं. पण मी प्रार्थनेची वही चाळली तेव्हा आजाऱ्यांच्या यादीत सगळ्यांची नावं होती आणि शेवटी लिहिलं होतं, "पास्टरच्या मिसेस". लिहिणाऱ्या मुलीला मी विचारलं. ती ओशाळून म्हणाली, "आजी, आम्ही त्यांना पाळकीणबाईच म्हणतो. नाव कधी विचारलंच नाही." ती पाच वर्षं त्या घरात येत होती.

मला तेव्हा माझ्या वडिलांची आठवण झाली. ते वेंगुर्ल्याच्या बंदरातून बोटीनं मुंबईला गेले आणि परळच्या गिरणीत लागले. राहायला गाववाल्यांची खोली. भिंतीलगत सगळ्यांच्या ट्रंका, रातपाळीचा माणूस आला की दिवसपाळीचा त्याला चटई देऊन निघायचा. जेवायला एका घाटावरच्या बाईची खानावळ. तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत वीसेक पुरुष पाळीपाळीनं जेवून जायचे, तिची मुलं माळ्यावर झोपायची. वडील मरेपर्यंत त्या मावशीच्या हातच्या सुक्या बांगड्याच्या कालवणाबद्दल बोलायचे. एकदा मी विचारलं, "बाबा, त्यांचं नाव काय?" ते आठवत राहिले. मावशी, एवढंच. अकरा वर्षं तिच्या हातचं जेवले होते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा खानावळवाल्या बायांना एकत्र आणलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे त्यांच्या रांधण्याला कुणी काम म्हटलं. आमच्या कोकणची अर्धी मुंबई या बायांच्या चुलीवर जगली आहे. माणसांना दार उघडं ठेवणं आम्हाला नवीन नाही. दाराआड कोण राबतंय हे बघायचं आम्ही तेव्हाही विसरलो होतो.

आमच्या ख्रिस्ती घरांत तरी हे विसरायला नको होतं. कवी ना. वा. टिळक आमच्याच जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मले. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला, दत्तूला घेऊन काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. टिळकांची गीतं आम्ही दर रविवारी गातो. लक्ष्मीबाईंनी काय सोसलं ते आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांनी स्वतः ते लिहून ठेवलं. सगळ्याच बायका लिहीत नाहीत. आणि त्याही आधीचं बघा. बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी प्रेषित पौल सलाम पाठवतो तेव्हा प्रिस्किल्लेचं नाव आधी घेतो, तिच्या नवऱ्याचं, अक्विलाचं, नंतर. मंडळी त्यांच्या घरी भरत होती आणि तंबू तयार करून ती दोघं पोट भरत होती. माझ्या मुलानं या वचनावर फार सुंदर प्रवचन केलं. मी पुढच्या चटईवर बसले होते. सून पडद्याआड कप मोजत होती.

त्या रात्री मी त्याला गच्चीवर घेऊन गेले आणि म्हटलं, "बाबू, तुझं पाचारण, देवानं तुला या कामाला बोलावलंय हे, मला मान्य आहे. मला पटायला वेळ लागला, पण आता मान्य आहे. मात्र ही मंडळी तुझ्या घरात जन्मली म्हणून ती कायम तुझ्याच घरात वाढली पाहिजे असं नाही. लेकरू मोठं झालं की पाळण्यातून काढतात." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, माझ्या लक्षात येत होतं. पण जागा कुठून आणू?"

म्हणून हे पत्र जितकं त्या वाचकासाठी आहे तितकंच माझ्या ख्रिस्ती भावाबहिणींसाठीही. जुन्या, दगडी इमारतींच्या मंडळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. शहराच्या टोकाला कुणाला पाठवता तेव्हा त्याच्या बायकोला समोर बसवून आधी विचारा आणि ती नको म्हणाली तर थांबा. जे भाडं कबूल कराल ते शेवटच्या महिन्यापर्यंत द्या. तुमच्या कबरस्तानाचं फाटक रात्री वाजलं तर आधी उघडा, रजिस्टर सकाळी बघा. नव्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना सांगणं आहे की सोमवारी पाळकाच्या घरी फोनसुद्धा करू नका, माणूस मरणाला टेकलं असेल तरच करा. गुरुवारची प्रार्थना आळीपाळीनं आपापल्या घरी घ्या. आपली खोली लहान आहे म्हणून लाजू नका, त्यांचीही लहानच आहे. आणि पाळकीणबाईंना त्यांचं नाव विचारा. माझ्या सुनेचं नाव मी इथे लिहीत नाही, ते पेपरात यायला नको असं तिनंच सांगितलंय. विचारलंत तर ती स्वतः सांगेल.

आमच्याकडे नाताळात वाडीतली सगळी ख्रिस्ती घरं भरतात, मुंबईची पोरं येतात, अंगणात कंदील लागतात. माझा मुलगा नऊ नाताळ घरी आलेला नाही, येऊही शकत नाही, ते त्याच्या कामाचे दिवस. मे महिन्यात आंबे-काजूच्या दिवसांत यावं तर तेव्हा मुलांची सुट्टीतली बायबल शाळा. याबद्दल माझी तक्रार नाही. मीच तुतारीनं जाईन, सोबत कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ आणि चार सुके बांगडे घेऊन. गुरुवारची प्रार्थना आता तीन घरांत वाटली गेली आहे आणि नात त्या दिवशी आपल्या टेबलावर अभ्यास करते. राहिला तो रविवार.

नालासोपारा पूर्वेला स्टेशनपासून चालत पोचता येईल अशी एखादी शाळा, क्लासची खोली किंवा छोटं कार्यालय रविवारी सकाळी नऊ ते अकरा रिकामं असेल, तर कृपया या वृत्तपत्राच्या कार्यालयात कळवावं, मी तिथे चौकशी करीन. आम्ही भाडं वेळेवर देऊ, वाद्यांचा आवाज कमी ठेवू, आणि निघताना झाडून, बाकं होती तशी लावून देऊ.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ला
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)