पवनचक्की लावायची तर आधी पक्षी मोजा

मा. संपादक, स. न.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, की नवी मुंबईत खाडीकिनारी पाच-सहा छोट्या पवनचक्क्या लावून टाका, वारा फुकट आहे, धूर नाही. माझा विरोध नाही, पण मी राहतो कोपरखैरण्यात आणि गाव आमचं पाटण तालुक्यातलं, चक्क्या अंगणातून बघत मोठा झालोय, म्हणून लिहितोय.

वनकुसवड्याच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, 2000 च्या आसपास चक्क्या उभ्या राहायला लागल्या तेव्हा पाती घेऊन येणारा ट्रेलर बघायला आम्ही पोरं घाटात जाऊन बसायचो. चक्की स्वतः फार जागा खात नाही, खातो तो रस्ता. एवढं लांब पातं वळणावरून फिरवायचं म्हणजे कातळ फोडून रुंद रस्ता करावा लागतो, तोही प्रत्येक चक्कीपर्यंत. पावसाळ्यात जिथं घोट्याएवढं पाणी साचून बारीक जांभळी-पिवळी फुलं यायची तिथं मुरूम पडला की पाणी भलतीकडंच पळतं. चुलत्यांच्या घरात तर सूर्य कलला की पात्याची सावली भिंतीवरून सारखी फिरायची, आजी म्हणायची दारातून कोण सारखं जातंय बघ रे. आवाजाची मात्र सवय होते, खोटं कशाला बोलू.

आमच्या भागातल्याच चाळकेवाडीच्या सड्यावर बेंगळुरूच्या आयआयएससीच्या (भारतीय विज्ञान संस्थेच्या) लोकांनी अभ्यास केला, 2018 मध्ये छापून आला. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास 4 पट जास्त दिसले, आणि चक्क्यांच्या भागात ससाणे-घारी कमी म्हणून सरडे वाढले, शिवाय इतके निर्धास्त झाले की माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नाहीत. म्हणजे पात्याला धडकून किती पक्षी मेले एवढंच मोजून भागत नाही.

आता आपली ठाण्याची खाडी. 2015 ला फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 ला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भरती लागली की चिखल पाण्याखाली जातो आणि थवे उठून नेरुळकडच्या तळ्यांवर येतात, ओहोटीला परत. रात्रीसुद्धा. नेमक्या याच वाटेवर पाती फिरवायची का? आणि गंमत बघा, पवन ऊर्जा प्रदूषणाच्या यादीत 'व्हाइट', म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषणाच्या कॅटेगरीत आहे, 2006 च्या ईआयए (प्रकल्पाआधी पर्यावरणावरचा परिणाम तपासण्याच्या) नोटिफिकेशनच्या यादीत तर पवनचक्की नाहीच, त्यामुळं मध्ये जंगल, अभयारण्य किंवा सीआरझेड (किनाऱ्यालगतचा बांधकामावर बंधनं असलेला पट्टा) आलं तरच कुणी काही विचारतं. छोटा प्रकल्प म्हटलं की तेवढंही कोण बघणार.

दुसरं म्हणजे वाऱ्याचा वेग अर्धा झाला की त्यातली ताकद आठव्या हिश्शावर येते. टॉवरांच्या आडोशाला, कमी उंचीवर चक्की लावून लिफ्टचा खर्च निघेल असं कुणी सांगत असेल तर आधी त्याच जागेचं वर्षभराचं रीडिंग मागा. त्यापेक्षा सातारा-धुळ्याकडच्या जुन्या छोट्या चक्क्या काढून तिथंच मोठ्या कमी संख्येनं बसवल्या तर जास्त वीज मिळेल, रस्ते तर आधीच होऊन गेलेत. याला रीपॉवरिंग म्हणतात, त्याची केंद्राची पॉलिसी 2016 पासून आहे.

तरीही इथंच हवी असेल तर निदान एक पूर्ण सीझन, भरती-ओहोटी धरून, रात्रीसकट पक्षी मोजा. मोजायला मी येतो, रविवारी मोकळाच असतो. बाकी आमच्या सोसायटीत टेरेसवरच्या सोलरचा विषय एजीएममध्ये तिसऱ्यांदा पुढं ढकललाय, कारण पार्किंगवरची भांडणंच संपत नाहीत.

एक वाचक, कोपरखैरणे