मी लाजाळू नव्हते, घाबरलेली होते

महोदय,

तासगावहून सांगलीला कॉलेजला येताना पहिलं दीड वर्ष मी कॉलेज कॉर्नरला स्वतःहून कधी उतरलेच नाही. ‘काका, कॉलेज कॉर्नरला थांबवा’ एवढंच भरल्या एसटीत मोठ्यानं म्हणायचं होतं. कवठेएकंदपासून मी ते मनात घोकायची आणि माधवनगर आलं की तोंडाला कोरड पडायची. दुसरं कुणी उतरलं तर त्याच्या मागोमाग, नाहीतर थेट स्टँडवर जायचं आणि उन्हातून चालत मागं यायचं.

घरी म्हणायचे, पोरगी शांत आहे. पाहुण्यांत कौतुकही व्हायचं. माझ्या चुलतभावाला मात्र याच दुखण्यापायी माणूसघाणा म्हणतात.

दुसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेत उत्तर येत असून आवाज फुटला नाही. ‘घरी पण मुकीच असतेस का?’ असं परीक्षकांनी सगळ्यांसमोर विचारलं. पुढं तीन आठवडे मी कॉलेजला गेले नाही.

मैत्रिणीनं टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिला. सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. पण ज्याला फोनवर बोलायचीच भीती, तो फोन लावणार कसा? तिनंच शेजारी बसून लावून दिला. पलीकडच्या ताईंनी अजिबात घाई केली नाही. त्यांच्या सांगण्यावरून समुपदेशकांकडे गेले, तेव्हा ‘सोशल अँग्झायटी’, म्हणजे चारचौघांत बोलायची-वावरायची अतोनात भीती, हा शब्द पहिल्यांदा ऐकला. बहुतेकांना ती वयात येतानाच सुरू होते म्हणे. मला आठवीतली ती कविता आठवली, जी वर्गासमोर मी अर्ध्यात सोडली होती.

टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि भीती आणखी पोसते. न पळता थांबलं तर ती चढते तशी उतरतेही. म्हणून आधी अनोळखी बाईला वेळ विचारायची, मग मंडईत भाव विचारून काही न घेता परतायचं, मग एसटी. त्या दिवशी माझा आवाज चिरकला. गाडी थांबली. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

मला बोलायला आवडतं, हे मला बाविसाव्या वर्षी कळलं. शेडवर बेदाणा निवडायला येणाऱ्या बायकांना बँकेचे फॉर्म समजावताना दुपार कधी सरली ते समजलंही नाही.

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथं सांगलीतच मराठी नाटक उभं केलं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण ‘स्टेजवर ढकला, भीती आपोआप जाते’ हा सल्ला आमच्यासारख्यांना देऊ नका. मला दोनदा ढकललं होतं. दोन्ही वेळा भीती वाढलीच. त्यापेक्षा तोंडी परीक्षेला अशा मुलांना आधी एकट्यानं बोलवा. 14416 हा नंबर प्रत्येक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावा.

चुलतभावाला मुलाखतीचं पत्र आलं की अजूनही ताप भरतो. पुढच्या वेळी मी त्याच्याबरोबर जाणार आहे, दारापर्यंत.

– एक विद्यार्थिनी, तासगाव (जि. सांगली)